शेताचे भूखंड होताना रस्ते कुठे जातात?

शहर वाढते तसे त्याचे रस्ते एकमेकांना अधिक जोडले जातात की तुटत जातात, या प्रश्नाभोवती फिरणारी अनेक पत्रे या वेळी आली. त्यांपैकी सहा पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर लांबले आहे, कारण पुढच्या बऱ्याच उत्तरांचा पाया त्यात आहे.

प्रश्न: माझे बालपण सदाशिव पेठेत गेले आणि आता मी धायरीला राहतो. पेठेतल्या गल्ल्या अरुंद होत्या, तरी कोठूनही कोठेही तीन-चार वाटांनी जाता येत असे. आमच्याकडे आतले रस्ते चांगले रुंद आहेत, पण मुलांची शाळा असो, दवाखाना असो की कार्यालय, प्रत्येकाला सिंहगड रस्त्यावरच यावे लागते. नवे शहर जुन्यापेक्षा अधिक जोडलेले असायला हवे होते. उलट का झाले?
(वाचक, धायरी, पुणे)

उत्तर: आपले निरीक्षण अचूक आहे. रस्त्याची रुंदी आणि रस्त्यांची जोडणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रुंदीमुळे एका रस्त्यावरून किती वाहने जातील हे ठरते. जोडणीमुळे एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी किती वाटांनी आणि किती कमी वळसा घालून जाता येईल हे ठरते. पुण्यात गेल्या शंभर वर्षांत पहिली वाढत गेली आणि दुसरी घटत गेली.

कसबा ही पुण्यातली जुनी वस्ती. पेशवाईत तिच्याभोवती एकामागून एक पेठा वसल्या. पेठ वसवण्याची जबाबदारी कोणा एकाकडे सोपवली जाई. तो बाजाराचा रस्ता, त्याच्या दोन्ही अंगांची दुकाने आणि मागच्या आळ्या यांचा विचार एकत्र करी. सारे शहर पायी चालणारे होते. माणूस, पाण्याची पखाल वाहणारा, बैलगाडी आणि पालखी यांना लांबचा वळसा परवडत नसे, म्हणून दोन रस्त्यांच्या मध्ये बोळ राहत गेले. पेठांची रचना निर्दोष होती असे मात्र मी म्हणणार नाही. वाड्याच्या दारापाशी संपणाऱ्या आळ्या तेथेही होत्या, आणि पूर्व-पश्चिम जोडणी इतकी अपुरी होती की विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दाट वस्तीतून लक्ष्मी रस्ता काढावा लागला. तरीही एक बोळ बंद झाला तर शेजारचा उघडा असे, आणि आपल्याला आठवते ते हेच.

दुसरा टप्पा प्लेगनंतरचा. 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला आणि 1898 मध्ये तेथे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. आजचा दादर-माटुंग्याचा मोठा भाग या ट्रस्टने आखला: आधी रस्ते, बागा व भूखंड आणि मग इमारती. पुढे 1915 च्या मुंबई नगररचना कायद्याने हीच पद्धत खासगी जमिनींनाही लागू करण्याची सोय केली. एका परिसरातल्या सगळ्या मालकांच्या जमिनी कागदावर एकत्र करायच्या, त्यांतून रस्ते आणि मोकळ्या जागा काढून घ्यायच्या, आणि उरलेली जमीन नव्या, नीटस आकाराच्या भूखंडांच्या रूपाने त्याच मालकांना परत द्यायची, अशी ही नगररचना योजना असते. मालकाची जमीन थोडी कमी होते, पण तिला रस्त्याचे तोंड मिळते आणि तिची किंमत वाढते. मुंबईत खारला क्रमांकाने ओळखले जाणारे रस्ते आहेत, पुण्यात प्रभात रस्त्याच्या गल्ल्यांना क्रमांक आहेत. जिथे गल्ल्यांना क्रमांक पडतात, तिथे त्या घरांच्या आधी कोणीतरी एकत्र आखलेल्या असण्याचा संभव अधिक, असे मला वाटते.

आपल्या धायरीची गोष्ट तिसऱ्या टप्प्यातली आहे. येथे शहर सर्व्हे नंबरांच्या हिशेबाने वाढले. हे सर्व्हे नंबर मूळचे शेतसाऱ्यासाठी. ब्रिटिश राजवटीत 1830 च्या दशकात पुणे जिल्ह्यातल्या इंदापूर तालुक्यापासून ज्या पद्धतीची जमीन मोजणी रूढ झाली, तिने प्रत्येक शेताला क्रमांक आणि हद्दीचे दगड दिले. त्या मोजणीत शेताला काय पिकेल आणि सारा किती बसेल हे पाहिले गेले. त्यावरून कधी काळी बस जाईल की नाही, हे पाहण्याचे कोणाला कारणच नव्हते. पुढे एकेक शेत विकले गेले, बिगरशेती झाले आणि त्याचा स्वतंत्र ले-आउट, म्हणजे भूखंड आणि आतले रस्ते दाखवणारा नकाशा, मंजूर झाला. प्रत्येक ले-आउटचा रस्ता मुख्य रस्त्यापासून आत जातो आणि शेताच्या मागच्या हद्दीवर, कुंपणाच्या भिंतीपाशी थांबतो. शेजारच्या शेताचा रस्ताही तसाच आत जातो आणि तसाच थांबतो. अशी पन्नास शेते झाली की फणीसारखी रचना तयार होते: एक कणा आणि एकमेकांना कोठेही न मिळणारे दात. दोनशे वर्षांपूर्वीचे हद्दीचे दगड आज आपल्या मुलांच्या शाळेचा रस्ता ठरवत आहेत, हे पाहिले की मला फार वाईट वाटते, कारण हे टाळता येण्यासारखे होते. गुंठेवारीत तर ले-आउटची मंजुरीही नसते. शेतमालक दहा-पंधरा फुटांची वाट सोडून गुंठ्या-गुंठ्याने जमीन विकतो, आणि 2001 च्या गुंठेवारी कायद्याने अशी वस्ती नियमित झाली तरी तिच्या वाटा मागे जाऊन रुंद करता येत नाहीत की पुढे नेता येत नाहीत.

विकास आराखड्यात जोडरस्ते दाखवलेले असतात, मग ते का होत नाहीत, असे आपण विचाराल. पुणे महापालिकेत 1997 मध्ये 38 गावे आली, 2017 मध्ये 11 आणि 2021 मध्ये 23. प्रत्येक वेळी गाव आत येण्यापूर्वीच तेथे इमारती उभ्या राहू लागल्या होत्या आणि त्या भागाचा आराखडा मागे पडला. आराखड्यात रस्त्याची रेघ आखणे म्हणजे ती जमीन ताब्यात येणे नव्हे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 नुसार आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत आरक्षित, म्हणजे रस्त्यासारख्या सार्वजनिक कामासाठी राखलेली, जमीन घेतली गेली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो आणि ठरलेल्या मुदतीत कार्यवाही न झाल्यास आरक्षण रद्द होते. रस्ता तर सलग असला तरच उपयोगाचा. एक किलोमीटरच्या रस्त्यातले नऊशे मीटर ताब्यात आले आणि मधले शंभर मीटर राहिले, तर जोडणी शून्यच राहते.

सिंहगड रस्त्याच्या बाबतीत भूगोलही आड आला आहे. एका बाजूला मुठा नदी आणि दुसऱ्या बाजूला खडकवासल्याहून येणारा उजवा कालवा, यांच्यामध्ये हा पट्टा अडकलेला आहे. नदी ओलांडायला पूल मोजके, कालवा ओलांडायलाही मोजके. अलीकडे या रस्त्यावर उड्डाणपूल झाले. त्यांनी चौकातला वेळ वाचतो, पण ज्या कण्यावर सगळा भार आहे त्याच कण्याची ताकद वाढवण्याचे ते काम आहे. त्यांनी एकही नवी वाट जोडली नाही. त्या खर्चाच्या लहानशा हिश्श्यात भिंतींपलीकडचे किती छोटे दुवे साधता आले असते, हा प्रश्न नागरिकांनी आग्रहाने विचारला पाहिजे.

प्रश्न: मी स्थापत्य अभियांत्रिकीची विद्यार्थिनी आहे. रस्त्यांची जोडणी चांगली किंवा वाईट हे केवळ मत असते, की ते मोजता येते?
(वाचक, सांगली)

उत्तर: मोजता येते, आणि त्याचे गणित जुने आहे. कोनिग्सबर्ग शहरातले सात पूल प्रत्येकी एकदाच ओलांडून फेरी पूर्ण करता येईल का, या प्रश्नाला गणितज्ञ लिओनार्ड ऑयलरने 1736 मध्ये उत्तर दिले. ते करताना त्याने पुलांची लांबी-रुंदी सोडून दिली आणि कोणता भूभाग कशाशी जोडलेला आहे एवढेच पाहिले. रस्त्यांच्या जाळ्याचा अभ्यास आजही असाच सुरू होतो: चौक, तिठे आणि बंद टोके हे बिंदू, आणि त्यांना जोडणारे रस्त्याचे तुकडे या रेषा.

एक उदाहरण कागदावर काढून पाहा. दहा ओळी आणि दहा स्तंभ अशा जाळीत 100 बिंदू घ्या. जाळी पूर्ण असेल तर रस्त्याचे तुकडे 180 होतात आणि एका बिंदूला सरासरी 3.6 रस्ते मिळतात. हेच 100 बिंदू झाडाच्या फांद्यांप्रमाणे, म्हणजे कोठेही वर्तुळ पूर्ण न होता, जोडले तर 99 तुकडे पुरतात आणि सरासरी दोनच्याही किंचित खाली येते. बिल्डरच्या दृष्टीने दुसरी रचना स्वस्त आहे, कारण रस्त्याखाली जाणारी जमीन जवळजवळ निम्मी होते. राहणाऱ्याच्या दृष्टीने मात्र फरक मोठा आहे. जाळीत 81 स्वतंत्र वर्तुळे पूर्ण होतात आणि कोणताही एक तुकडा खणून ठेवला तरी सर्व बिंदू जोडलेले राहतात. फांद्यांच्या रचनेत कोणताही एक तुकडा बंद झाला की वस्तीचे दोन भाग होतात.

दुसरे माप वळशाचे. रस्त्याने जावे लागणारे अंतर भागिले सरळ रेषेतले अंतर, असा हा भागाकार आहे. चौरस जाळीत तो कितीही वाईट परिस्थितीत सुमारे 1.41 च्या वर जात नाही. दोन इमारतींच्या मागच्या भिंती एकमेकींना लागून आहेत, सरळ अंतर 50 मीटर आहे आणि मुख्य रस्त्यावरून फिरून 1500 मीटर जावे लागते असे समजा. तेथे हा भागाकार 30 येतो. पायी जाणाऱ्याला तो 30 अक्षरशः पायांनी भरावा लागतो, आणि म्हणूनच तो दुचाकी काढतो. आपल्या प्रकल्पासाठी एकच सूचना करते: सबंध शहराची सरासरी काढू नका. कोणत्या दशकात कोणता भाग बांधला गेला ते आधी नकाशावर वेगवेगळ्या रंगांत दाखवा आणि प्रत्येक दशकाचे माप स्वतंत्र काढा. सरासरीत जुना दाट गाभा नव्या भागाची उणीव झाकून टाकतो.

प्रश्न: अंधेरीचा गोखले पूल बंद असताना पूर्वेकडून पश्चिमेकडे जाणे आम्हाला नकोसे झाले होते. एका पुलाने इतके का अडावे?
(वाचक, अंधेरी पूर्व, मुंबई)

उत्तर: मुंबईची वाढ रेल्वेच्या उत्तर-दक्षिण मार्गांच्या आधाराने झाली. उपनगरे स्टेशनांभोवती वसली आणि प्रत्येक उपनगराचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग पडले. या दोन भागांत स्वतःच्या गल्ल्यांचे जाळे बरे असले, तरी त्यांना एकमेकांशी जोडणारे वाहनांचे पूल फार थोडे. मागच्या उत्तरातल्या भाषेत सांगायचे तर दोन जाळ्या एक-दोन रेषांनी जोडलेल्या आहेत आणि सगळी फेरी त्या रेषांवरूनच होते.

गोखले पुलाचा काही भाग जुलै 2018 मध्ये रुळांवर कोसळला. नोव्हेंबर 2022 मध्ये पूल पाडून पुन्हा बांधण्यासाठी बंद झाला, फेब्रुवारी 2024 मध्ये त्याची एक बाजू खुली झाली, आणि तेव्हा त्याची पातळी शेजारच्या बर्फीवाला उड्डाणपुलाशी जुळत नाही असे दिसून आले. तो सांधा नंतर जोडावा लागला. या काळात वाहनांना दूरच्या पुलांकडे जावे लागले आणि त्या पुलांजवळच्या वस्त्यांनाही त्याचा त्रास झाला. एक जोड गेली की तिचा भार उरलेल्या जोडांवर येतो, आणि उरलेल्या जोडा थोड्या असतील तर त्या आधीच भरलेल्या असतात.

म्हणून जुना पूल किती वर्षांचा झाला याइतकीच त्याला पर्याय किती आहेत याचीही नोंद ठेवली पाहिजे, आणि ज्या पुलाला जवळ पर्याय नाही त्याच्या दुरुस्तीचा क्रम वर आणला पाहिजे. पादचाऱ्यांचे पूल आणि भुयारी मार्ग यांना मी या हिशेबात पूर्ण मान देते. लोकलने येणाऱ्या माणसाच्या दृष्टीने पूर्व-पश्चिम जोडणी प्रामुख्याने तीच असते.

प्रश्न: मी न्यू जर्सीत राहते. आमच्या घरामागच्या कुंपणापलीकडे किराण्याचे दुकान दिसते, पण तेथे जायला गाडी काढून मोठा फेरा घालावा लागतो. इथे तर सगळे नियोजन करून बांधलेले आहे. मग हे असे का?
(वाचक, एडिसन, न्यू जर्सी)

उत्तर: आपल्या राज्यातच याचे एक मूळ आहे. फेअर लॉन येथे रॅडबर्न नावाची वसाहत 1929 मध्ये सुरू झाली. क्लॅरेन्स स्टाइन आणि हेन्री राइट या वास्तुरचनाकारांनी ती मोटारींच्या युगासाठी आखली होती. मुलांनी रहदारीच्या रस्त्यावर येऊ नये म्हणून घरांपुढचे रस्ते त्यांनी बंद टोकाचे ठेवले. पण त्याचबरोबर घरांच्या दुसऱ्या बाजूने पायवाटांचे स्वतंत्र जाळे दिले, आणि मोठा रस्ता आडवा आला तेथे पायवाट त्याच्याखालून नेली. मोटारीला बंद आणि पायी जाणाऱ्याला मोकळे, असा तो विचार होता.

1930 च्या दशकात अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या ज्या यंत्रणेकडून गृहकर्जांना हमी मिळे, तिने चौकटीच्या रस्त्यांऐवजी बंद गल्ल्यांची रचना पसंत केली. कर्जाची हमी हवी तर बांधकाम करणाऱ्यांना ती पसंती पाळणे सोयीचे होते. त्यांनी रॅडबर्नची बंद टोके घेतली आणि पायवाटा सोडून दिल्या, कारण पायवाटेची जमीन विकता येत नाही. आपल्या घरामागचे कुंपण त्या अर्ध्या अनुकरणातून आले आहे. उपग्रहचित्रे, जनगणना आणि रस्त्यांचे डिजिटल नकाशे जुळवून केलेल्या अभ्यासांतून असे दिसते की अमेरिकेत नव्या रस्त्यांची जोडणी विसाव्या शतकात बराच काळ घसरत राहिली, 1990 च्या दशकाच्या मध्याच्या सुमारास तळाला गेली आणि त्यानंतर काहीशी सुधारली. हे सुधारणे नव्या रस्त्यांपुरतेच आहे. एकदा घरे उभी राहिली की रस्त्यांची रचना इमारतींहूनही अधिक टिकते. इमारत पाडून पुन्हा बांधता येते, पण तिच्याभोवतीच्या मालकीच्या हद्दी बदलायला पिढ्या जातात.

रॅडबर्नच्या मूळ विचाराला जिथे पुरते रूप आले, असे ठिकाण मला नेदरलँड्समधल्या हाउटेन गावात दिसते. हे उट्रेख्टजवळचे गाव 1970 च्या दशकापासून ठरवून वाढवले गेले. एका वस्तीतून दुसऱ्या वस्तीत मोटारीने जायचे तर बाहेरच्या वळणरस्त्यावर यावे लागते. सायकलीने आणि पायी मात्र मधून सरळ स्टेशनपर्यंत जाता येते. तेथे वळसा आहे तो मोटारीला, आणि माझ्या मते वळसा घालण्याची ताकद ज्याच्यात आहे त्याच्यावरच तो टाकणे न्याय्य आहे. आपल्या नगरपालिकेच्या नियोजन मंडळासमोर दुकानाच्या कुंपणात पायवाटेची एक फट मागायची असेल, तर आपल्याच राज्यातल्या रॅडबर्नचा दाखला द्या.

प्रश्न: आमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीत फाटक काढावे, म्हणजे पलीकडच्या रस्त्यावरच्या बसथांब्याला जाता येईल, अशी काही सभासदांची मागणी आहे. सुरक्षिततेच्या कारणाने बाकीच्यांचा विरोध आहे. व्यवस्थापक समितीने काय करावे?
(वाचक, पिंपळे सौदागर, पिंपरी-चिंचवड)

उत्तर: प्रथम कागद पाहा. मागच्या बाजूचा रस्ता ले-आउटमधून महापालिकेकडे हस्तांतरित झालेला असेल तर तो सार्वजनिक आहे आणि त्यावर भिंत किंवा कुलूप असणेच योग्य नाही. रस्ता सोसायटीच्या आतला, खासगी मालकीचा असेल तर निर्णय सर्वसाधारण सभेचा.

विरोध करणाऱ्या सभासदांची भीती मी खोटी मानत नाही. पण त्यांच्या मनात बहुधा मोटारी आणि दुचाकींची ये-जा आहे. ती टाळण्यासाठी फाटक केवळ एक माणूस किंवा हाताने ढकललेली सायकल जाईल एवढेच ठेवता येते. वेळ ठरवता येते, तेथे दिवा लावता येतो, सुरक्षारक्षकाची खुर्ची तेथे हलवता येते. ज्या वाटेने दिवसभर ओळखीची माणसे ये-जा करतात ती वाट निर्मनुष्य भिंतीपेक्षा असुरक्षित असते, असे मानायला मला आधार सापडत नाही. दुसऱ्या बाजूने, एकच दार असलेल्या संकुलात आग लागली आणि त्याच दारासमोर अग्निशमन दलाची गाडी अडकली, तर काय होईल याचाही विचार सभेपुढे ठेवा.

सभासदांना हेही सांगा की बस आपल्या दारात येत नाही त्याचे कारण पुष्कळदा हीच भिंत असते. बसला एका बाजूने आत येऊन दुसऱ्या बाजूने बाहेर पडता आले पाहिजे. बंद टोकात तिला वळायलाही जागा नसते. म्हणून बसमार्ग मुख्य रस्त्यावरच राहतो आणि आतल्या वस्तीला थांब्यापर्यंत चालणे भाग पडते. ते चालणे दोनशे मीटरचे असावे की दीड किलोमीटरचे, एवढे तरी आपल्या हातात आहे.

एक तक्रार शासनाच्या नियमांबद्दलही आहे. मुंबई वगळता राज्याच्या बहुतेक भागाला 2020 पासून जी एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू आहे, तिच्यात किती मजले बांधता येतील हे समोरचा रस्ता किती रुंद आहे यावर बरेचसे अवलंबून असते. रुंद रस्त्याला असे बक्षीस आहे. भूखंडातून पलीकडे जाणारी वाट सोडणाऱ्यालाही थोडे अधिक बांधकाम मिळाले, तर मागच्या भिंतीत फट ठेवणे बिल्डरला आपोआप सुचेल.

प्रश्न: आमच्या गावाचा समावेश लवकरच शहराच्या हद्दीत होईल असे बोलले जाते. गावात जुनी पाणंद आहे, पण एका बाजूने ती नांगरून टाकली आहे आणि दुसऱ्या बाजूला प्लॉटिंग सुरू झाले आहे. ती पाणंद वाचवता येईल का?
(वाचक, हवेली तालुका, जिल्हा पुणे)

उत्तर: वाचवता येईल, पण विलंब करू नका. शेतांच्या मधून जाणाऱ्या पाणंदी, गाडीवाटा आणि दोन गावांच्या हद्दीवरचे शिवरस्ते हे उद्याच्या शहराचे तयार जोडरस्ते आहेत. त्यांना मालकांची मान्यता पिढ्यान्‌पिढ्यांची असते आणि ते बहुधा सर्व्हे नंबरांच्या मधून गेलेले असल्याने कोणाच्या भूखंडाचे तुकडे करावे लागत नाहीत. असा रस्ता एकदा गेला की तो परत मिळवायला भूसंपादन, मोबदला आणि न्यायालय या तिन्हींतून जावे लागते.

तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशाची प्रमाणित प्रत घ्या. त्यावर पायवाट एका तुटक रेषेने आणि गाडीवाट दुहेरी तुटक रेषेने दाखवलेली असते. आपली पाणंद तेथे असेल तर अर्धे काम झाले. नकाशावर असलेल्या रस्त्यावरचे अतिक्रमण दूर करण्यासाठी तहसीलदारांकडे अर्ज करा. वहिवाटीचा शेतरस्ता कोणी अडवला असेल तर मामलतदार न्यायालय अधिनियम, 1906 च्या कलम 5 खाली दाद मागता येते, मात्र अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. बांधावरून नव्याने रस्ता हवा असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 143 खाली अर्ज करायचा असतो. या तरतुदी शेतीच्या वापरासाठी आहेत. जमीन बिगरशेती होऊन प्लॉट विकले गेले की त्यांचा आधार दुबळा होतो, म्हणूनच घाई.

प्लॉटिंग ज्या बाजूला सुरू आहे तेथील ले-आउट मंजुरीला गेला असेल, तर मंजुरी देणाऱ्या प्राधिकरणाकडे गावनकाशाच्या प्रतीसह लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. ग्रामसभेत पाणंदीची लांबी, ती कोणत्या सर्व्हे नंबरांच्या मधून जाते आणि कोणत्या दोन रस्त्यांना जोडते, हे नोंदवणारा ठराव करून घ्या. पुढे प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध झाला की सूचना-हरकतींच्या मुदतीत तोच ठराव जोडून, ती पाणंद आराखड्यात सार्वजनिक रस्ता म्हणून दाखवावी अशी मागणी करा, आणि सुनावणीला गावातून पाच-दहा जण जा. नियोजन समितीपुढे बहुतेक हरकती आपल्या जमिनीवरचे आरक्षण काढा अशा असतात. रस्ता ठेवा असे सांगायला येणारे फार थोडे असतात, आणि त्यांचे म्हणणे लक्षपूर्वक ऐकले जाण्याची शक्यता त्यामुळे वाढते.